पान न तोडता पिकाची वाढ मोजणे: प्रकाशाचा वर्णपट नेमकं काय सांगतो?

पर्णवेडा

पानात नत्र किती आहे हे शोधण्याचा जुना आणि आजही प्रमाण मानला जाणारा मार्ग असा: पान तोडा, भट्टीत वाळवा, दळा, तीव्र सल्फ्युरिक आम्लात शिजवा आणि शेवटी निघणारा अमोनिया मोजा. केल्डाल यांनी १८८३ साली मांडलेली ही पद्धत. हरितद्रव्य मोजायचं तर पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये वाटायचं आणि ते हिरवं द्रावण ६४५ आणि ६६३ नॅनोमीटर तरंगलांबीचा (म्हणजे लाल) प्रकाश किती शोषतं ते बघायचं. दोन्ही पद्धती पक्क्या आहेत. पण मोजणी झाली की पान संपलं. पुढच्या आठवड्यात आपण मोजतो ते दुसरंच पान, बहुतेक वेळा दुसऱ्याच रोपाचं. मग दोन पानांत मुळातच असलेला फरक आणि आठवडाभरात झालेला बदल एकाच आकड्यात मिसळून जातात आणि नंतर कितीही आकडेमोड केली तरी ते वेगळे करता येत नाहीत.

वर्णपटमापनाचं, म्हणजे पानाकडून येणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजण्याचं, सगळ्यात मोठं मोल मला इथे वाटतं. वेग, खर्च, सोय हे सगळं नंतर. तेच पान उद्या, परवा, फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पुन्हा मोजता येतं, ही गोष्ट वाळवलेल्या पानाची भुकटी कधीच देऊ शकत नाही.

आता पान प्रकाशाचं काय करतं ते थोडक्यात. निळा आणि लाल प्रकाश हरितद्रव्य जवळजवळ सगळा गिळतं. ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा त्यामानाने जास्त परत येतो, म्हणून पान हिरवं दिसतं. ७०० च्या पुढे मात्र चित्र पालटतं. तिथे हरितद्रव्य काही शोषत नाही, आणि पानाच्या आतल्या पेशीभित्ती व हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळून विखुरतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त पट्ट्यात निरोगी पान पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४० ते ५० टक्के परत पाठवतं. त्याच्याही पुढे ९७०, १२००, १४५० आणि १९४० नॅनोमीटरजवळ पाण्याच्या शोषणाच्या दऱ्या दिसतात.

सगळ्यात बोलका भाग ६८० ते ७५० च्या दरम्यानचा उभा चढ, ज्याला 'लाल कड' म्हणतात. हरितद्रव्य वाढलं की हा चढ लांब तरंगांकडे सरकतो, घटलं की आखूड तरंगांकडे. सरकणं काही नॅनोमीटरचंच असतं, पण चांगल्या उपकरणाला ते स्पष्ट दिसतं.

ज्यांनी पानावर, शेतात किंवा हरितगृहात असं मोजमाप केलंय त्यांनी लिहावं. ज्यांना करायचंय त्यांनी शंका विचाराव्यात.

बांधावरून

चांगला विषय काढलात. माझ्याकडे पानाला चिमट्यासारखं लावायचं मीटर आहे. दाबलं की आकडा येतो. भातात ३६ आला, मक्यात ४८ आला. पुढे काय? ३६ म्हणजे युरिया द्यायचा की थांबायचं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. माहितीपत्रकातही त्याबद्दल काही नाही.

पर्णवेडा

दादा, तो आकडा एकटा असेल तर त्याचा काही अर्थ लागत नाही, आणि माहितीपत्रकात उत्तर नसण्याचं कारणही तेच. पीक बदललं, वाण बदललं, पानाची जाडी बदलली की आकडा बदलतो. एकाच नत्रावर एका वाणाचं पान मुळातच गडद असतं, दुसऱ्याचं फिकं.

त्यावर उपाय जुना आणि साधा आहे. त्याच शेतात, त्याच वाणाच्या एका पट्ट्याला नत्र पुरेपूर द्यायचं, म्हणजे तिथे नत्राची कमतरता असणारच नाही. मग बाकीच्या शेताचा आकडा त्या पट्ट्याच्या आकड्याने भागायचा. भागाकार ०.९५ च्या खाली गेला की पीक नत्राला भुकेलं आहे असं समजून पुढचा हप्ता द्यायचा, ही मक्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली रीत. काही ठिकाणी ०.९० धरतात. वाण, हवामान, त्या दिवसाचं ऊन हे सगळं दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे भागाकारात बरंचसं निघून जातं.

आणि एकाच पानावर निर्णय घेऊ नका. वरून पहिलं पूर्ण उघडलेलं पान धरा, टोक आणि बुडखा यांच्या मधोमध, मधली शीर टाळून. बऱ्याच रोपांवर घेऊन सरासरी काढा.

प्रकाशकिरण

चिमटा मीटरमध्ये आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे त्याच्या मर्यादाही उलगडतील. त्यात दोन एलईडी असतात, एक ६५० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० चा अवरक्त. लाल प्रकाश हरितद्रव्य शोषतं, अवरक्त शोषत नाही. पानाची जाडी आणि विखुरणं मात्र दोघांनाही अडवतं. म्हणून पार गेलेल्या दोन्ही प्रकाशांचं गुणोत्तर काढलं की जाडीचा परिणाम बराचसा कटतो आणि हरितद्रव्याचा उरतो. आकडा त्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमशी निगडित असतो, त्याला एकक नाही.

पण 'बराचसा' हा शब्द महत्त्वाचा आहे. द्रावणात हरितद्रव्य एकसारखं पसरलेलं असतं, पानात ते हरितलवकांमध्ये गोळा होऊन बसलेलं असतं. मधल्या मोकळ्या जागेतून प्रकाश शोषला न जाता निसटतो. त्यामुळे हरितद्रव्य दुप्पट झालं तरी आकडा दुप्पट होत नाही.

त्याहून मजेदार गोष्ट, हरितलवकं जागा बदलतात! मंद प्रकाशात ती पेशीच्या वरच्या-खालच्या भिंतींवर पसरून प्रकाश झेलतात आणि कडक उन्हात बाजूच्या भिंतींना जाऊन उभी राहतात. हरितद्रव्य तितकंच, पण पानातून पार होणारा प्रकाश बदलतो. सकाळी घेतलेला आकडा आणि भर दुपारचा आकडा वेगळे येण्याचं हे एक खरं कारण आहे. म्हणून वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा.

रोपवाटिका

मी हरितगृहात भाजीपाल्याची रोपं वाढवते. वरून निळे-लाल एलईडी दिवे असतात. त्या जांभळट उजेडात पान काळपट दिसतं, पिवळं पडलेलं डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे मला याची गरज फार आहे. दोन प्रश्न. एक, या दिव्यांखाली मोजता येतं का? दोन, 'रोपाला इजा नाही' असं सगळे म्हणतात ते कितपत खरं? कोवळ्या पानावर चिमटा लावला की वळ उठतो, ते मी बघितलंय.

प्रकाशकिरण

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसरा पर्णवेडा घेतील.

परावर्तन म्हणजे पानावरून आलेला प्रकाश भागिले पांढऱ्या संदर्भ फलकावरून आलेला प्रकाश. निळ्या-लाल दिव्यांत ५५० च्या आसपास प्रकाश जवळजवळ नसतोच. मग त्या पट्ट्यात शून्याला शून्याने भागल्यासारखं होतं आणि उपकरण नुसता गोंधळ दाखवतं. अवरक्ताचंही तेच, कारण तो त्या दिव्यांत सहसा नसतो. म्हणून उपकरणाचा स्वतःचा प्रकाश हवा, पूर्ण वर्णपटाचा, आणि बाहेरचा उजेड अडवणारं झाकण हवं. नाहीतर काही सेकंद वरचे दिवे बंद करून मोजायचं.

पर्णवेडा

ताईंचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'इजा नाही' हे वाक्य जाहिरातीत जितकं सरळ असतं तितकं ते प्रत्यक्षात नसतं.

प्रकाश स्वतः जवळपास निरुपद्रवी आहे. पानावर रोज पडणाऱ्या उन्हाच्या मानाने एलईडीची झलक काहीच नाही. अपवाद दोन: हॅलोजन दिव्याचा चिमटा पानावर बराच वेळ धरला तर पान तापतं, आणि लेझर वापरणाऱ्या रामन उपकरणात शक्ती जास्त ठेवली तर पानावर भाजल्याचा ठिपका पडतो.

खरा त्रास स्पर्शाचा आहे. चिमट्याचा दाब कोवळ्या पेशी चेपतो आणि पुढच्या वेळी त्याच जागी मोजलं तर आपण दाबाची खूण मोजतो. शिवाय वारंवार हाताळलेली रोपं खुजी आणि जाड खोडाची होतात, हा वनस्पतींचा ओळखलेला प्रतिसाद आहे. म्हणजे रोज चिमटा लावलेलं रोप न लावलेल्या रोपासारखं वाढेलच असं नाही. टोमॅटो, मिरचीत आणखी एक धोका: तंबाखू मोझॅकसारखे विषाणू स्पर्शातून पसरतात, आणि चिमटा एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. प्रत्येक ओळीनंतर चिमटा पुसा.

तुमच्या कामाला अंतरावरून मोजणारं, पानाला न टेकणारं उपकरण जास्त योग्य. आणि काही रोपं अजिबात न मोजता ठेवा, शेवटी उंची-वजन ताडून बघायला.

रोपवाटिका

न मोजलेली रोपं ठेवायचं सुचलं नव्हतं. करते.

आकडेमोड

+१. न मोजलेली रोपं प्रत्येक प्रयोगात असायलाच हवीत.

मी उपग्रह आणि ड्रोनच्या बाजूने लिहितो. पिकाचा हिरवेपणा सांगणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक सगळ्यांना माहीत असतो: निकट अवरक्त वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. लँडसॅटचा पहिला उपग्रह १९७२ साली गेला, आणि लगेच पुढच्या वर्षा-दोन वर्षांत हे सूत्र रूढ झालं. पीक लहान असताना ते छान चालतं. पण पानांचं आच्छादन दाट झालं, म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण ३ चौरस मीटरपेक्षा जास्त पान आलं, की आकडा ०.८-०.९ च्या आसपास अडकतो. पीक वाढतच असतं, आकडा हलत नाही. नेमकं पोटरीत येतानाच, जेव्हा नत्राचा निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा तो मुका होतो.

कारण वर पर्णवेडांनी सांगितलेलंच आहे. ६७० च्या आसपास हरितद्रव्य इतकं जोरात शोषतं की थोड्याच पानांत सगळा लाल संपतो. पुढे आणखी हरितद्रव्य आलं तरी शोषायला काही उरत नाही. उलट ५५० आणि ७०५ च्या आसपास शोषण मंद असतं, त्यामुळे तिथे दाट पिकातही फरक दिसत राहतो. जिथे शोषण सगळ्यात जास्त, तिथेच दाट पिकाची माहिती सगळ्यात कमी, हे एकदा डोक्यात बसलं की कुठला निर्देशांक कधी वापरायचा ते पाठ करावं लागत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांवर ७०५, ७४० आणि ७८३ नॅनोमीटरचे पट्टे मुद्दाम दिले आहेत ते याचसाठी. फक्त त्यांचा एक चौकोन २० मीटरचा असतो, म्हणजे अरुंद शेतात बांधही त्यात येतो.

रोपं लहान असताना उलटी अडचण, मधली माती दिसते. ओली माती गडद, कोरडी फिकी, आणि पाऊस पडून गेला की पीक तेच असून आकडा बदलतो. त्यासाठी मातीची दुरुस्ती असलेला साव्ही हा निर्देशांक १९८८ मध्ये मांडला गेला. तो वापरा, निदान पाऊस झाल्यानंतरची तुलना तरी त्यावर करा.

बांधावरून

हे सगळं बरोबर असेल. पण ज्याने आयुष्य शेतात काढलं त्याला पीक बघून कळतं. पिवळेपणा डोळ्यांना दिसतोच की. त्यासाठी यंत्र कशाला?

पर्णवेडा

डोळ्यांवर माझा विश्वास आहे दादा. भातासाठी प्लास्टिकच्या हिरव्या छटांची पट्टी मिळते, पान तिच्यावर ठेवून छटा जुळवायची. ते डोळ्यांनी केलेलं वर्णपटमापनच आहे, आणि त्यावर नत्राचे हप्ते ठरवलेले चांगले उतरतात. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरजवळ सगळ्यात संवेदनशील, आणि पानातलं हरितद्रव्यही त्याच भागात ओळखू येतं. जोडी चांगली जमलीय.

अडचण स्मरणाची आहे. आजचा हिरवा आणि दोन आठवड्यांपूर्वीचा हिरवा यांची तुलना डोळा करू शकत नाही. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात आणि ढगाळ सकाळी तेच पान वेगळं दिसतं, आणि मेंदू त्यावर स्वतःच्या मनाने दुरुस्ती करतो. हळूहळू सरकणारा बदल त्यामुळे निसटतो. आणि अवरक्तात काय चाललंय ते तर कुणालाच दिसत नाही.

प्रकाशकिरण

हरितद्रव्य घटण्याच्या आधी काय होतं तेही इथे यायला हवं, म्हणून प्रतिदीप्तीबद्दल थोडं.

पानाने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात: प्रकाशसंश्लेषण, उष्णता, आणि एक-दोन टक्के पुन्हा लाल-अवरक्त प्रकाश म्हणून बाहेर. या बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची शिखरं ६८५ आणि ७४० च्या आसपास असतात. काउट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये अंधारात ठेवलेल्या पानावर अचानक प्रकाश टाकला आणि ही लाल झळाळी झटकन वाढून मग हळूहळू उतरताना पाहिली. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सुरू होताना तिच्या वाटेला प्रकाश जाऊ लागतो, म्हणून झळाळी उतरते.

आजची उपकरणं पान २०-३० मिनिटं अंधारात ठेवून प्रकाशाचा एक तीव्र स्पंद देतात आणि एफव्ही/एफएम (झळाळीत झालेली वाढ भागिले कमाल झळाळी) हे गुणोत्तर काढतात. निरोगी पानात ते ०.८३ च्या आसपास येतं, आणि ते वेगवेगळ्या जातींच्या वनस्पतींत इतकं जवळपास सारखं असतं की मला दर वेळी नवल वाटतं. ०.७ किंवा त्याखाली आलं तर यंत्रणेला खरी इजा झालेली असते, थंडीने, अति उन्हाने किंवा तणनाशकाने.

पण एक इशारा. पाण्याचा सुरुवातीचा ताण यात दिसत नाही. पाणी कमी पडलं की आधी पर्णरंध्रं मिटतात, प्रकाशयंत्रणा शाबूत राहते, आणि गुणोत्तर ०.८ च्या वरच दिसत राहतं. त्यासाठी ५३१ आणि ५७० नॅनोमीटरची तुलना करणारा पीआरआय हा निर्देशांक बघा. जादा प्रकाश उष्णतेत उधळायला पान काही पिवळी रंगद्रव्यं मिनिटांत बदलतं, त्याची खूण ५३१ ला उमटते.

अंकुर

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक बाळबोध शंका. यंत्राने 'पान पिवळं' सांगितलं, तर ते नत्र कमी म्हणून की लोह कमी म्हणून, हे वर्णपटावरून कळतं का?

पर्णवेडा

शंका मुळीच बाळबोध नाही. बहुतेक वेळा नाही कळत. नत्र, गंधक, लोह, मॅग्नेशियम, मुळाशी साचलेलं पाणी, सगळ्यांत शेवटी हरितद्रव्यच घटतं आणि वर्णपटाला तेच दिसतं. कारण कळतं ते रोपावरच्या जागेवरून. नत्र आणि मॅग्नेशियम रोपात हलवता येतात, म्हणून रोप जुन्या पानांतून ते काढून नव्याला देतं आणि खालची पानं आधी फिकी होतात. लोह आणि गंधक सहज हलत नाहीत, म्हणून शेंड्याची पानं आधी. तेव्हा वरचं आणि खालचं अशी दोन पानं मोजली तर एकाच मीटरमधून बरंच जास्त कळतं.

स्फुरद आणि पालाश यांची या पट्ट्यांत स्वतःची अशी शोषणखूण नाही. वर्णपटावरून पालाश सांगणारी जी समीकरणं असतात ती दुसऱ्या कशाच्या तरी आडून बोलत असतात. तिथे पान तोडून प्रयोगशाळेत पाठवण्याला पर्याय नाही, आणि ते मान्य करायला हरकत नसावी.

आकडेमोड

यालाच जोडून. शेकडो तरंगलांबी आणि मोजके नमुने असले की संगणक कशाशीही कशाचंही नातं जुळवून देतो. समीकरण तपासताना नमुने वाटेल तसे मिसळून दोन भाग करू नका. एकाच शेतातले, एकाच दिवसाचे नमुने दोन्हीकडे गेले तर निकाल खोटा चांगला येतो. एक अख्खं शेत किंवा एक अख्खा हंगाम बाजूला ठेवा आणि त्यावर तपासा. निकाल खाली येईल, पण खरा असेल.

अंकुर

धन्यवाद. मी ४१० ते ९४० नॅनोमीटरच्या १८ वाहिन्यांचं छोटं सेन्सर वापरून घरी उपकरण जोडतोय. पांढरा संदर्भ म्हणून छपाईचा कागद चालेल?

प्रकाशकिरण

कागद नको. त्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात, ती अतिनील प्रकाश घेऊन निळा बाहेर टाकतात. निळ्या वाहिन्या बिघडतील, शिवाय कागद कालांतराने पिवळा पडतो. टेफ्लॉनचा जाड, खरखरीत पृष्ठभागाचा तुकडा घ्या, दृश्य आणि निकट अवरक्तात तो जवळपास सगळा प्रकाश सारखा परत करतो. दर वेळी तीन नोंदी करा: दिवा बंद ठेवून अंधाराची, टेफ्लॉनची आणि पानाची. दिवा लावल्यावर थोडा वेळ स्थिरावू द्या, एलईडी तापला की त्याचा प्रकाश बदलतो.

आकडेमोड

पर्णवेडा, तुमच्या मूळ मुद्द्यावर एक आक्षेप नोंदवतो. तेच पान पुन्हा पुन्हा मोजणं हे मोल म्हणालात. पण पान म्हातारं होतं. खालच्या पानाचा आकडा उतरला तर त्याचा अर्थ पीक भुकेलं असा नाही, ते पान आपलं नत्र वर पाठवून निवृत्त होतंय, एवढाच. मग आपण पिकाची वाढ मोजतोय की एका पानाचं वय?

पर्णवेडा

आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच दोन मालिका समांतर ठेवायला हव्यात. एक खूण केलेल्या पानाची, दुसरी त्या-त्या दिवशी वरून पहिल्या पूर्ण उघडलेल्या पानाची. दुसरी मालिका रोपाची आजची स्थिती सांगते, तिच्यात पानाचं वय दर वेळी साधारण सारखं असतं. पहिली सांगते रोप जुन्या पानांतून किती घाईने माल काढून घेतंय. वरचं पान हिरवंगार टिकलंय आणि खालचं मात्र नेहमीपेक्षा लवकर उतरतंय, हे चित्र दिसलं तर नत्राची ओढाताण सुरू झाली आहे, अजून वर दिसत नाही इतकंच. एकट्या दुसऱ्या मालिकेत हे उशिरा कळलं असतं.

गव्हात ध्वजपान आलं की दोन्ही मालिका एकाच पानावर येतात, कारण त्यानंतर नवीन पान येतच नाही. तिथून पुढे त्या एका पानाचा उतार फार मोलाचा. तो केव्हा सुरू झाला आणि किती वेगाने गेला, यावर दाणे भरायला किती दिवस मिळाले ते अवलंबून असतं. आणि हा उताराचा आलेख पानं तोडून काढायचा तर दर वेळी वेगळी पानं लागली असती.

बांधावरून

हे पटलं. वरचं आणि खालचं, दोन्ही मोजतो आता. खूण कशी करू? धागा बांधला तर वाऱ्याने पान कापतं.

पर्णवेडा

पानाला काही बांधू नका दादा. खोडावर, त्या पानाच्या खालच्या पेरावर सैल कडं अडकवा आणि त्यावर रोपाचा क्रमांक आणि पान खालून कितवं ते लिहा. तारीख वहीत. नत्र भरपूर दिलेल्या पट्ट्यातही तितकीच रोपं निवडा, नाहीतर भागायला आकडाच राहणार नाही.